धातूतला पक्षी आणि माळावरचा पक्षी

अमेरिकेतील मार्थाज व्हिनयार्ड या बेटावरच्या राखीव जंगलात ब्राँझचा एक काळपट पक्षी उभा आहे. टॉड मॅकग्रेन या शिल्पकाराने उत्तर अमेरिकेतून नामशेष झालेल्या पाच पक्ष्यांची शिल्पे ओतली आणि त्या त्या पक्ष्याच्या इतिहासाशी निगडित अशा स्थळी ती नेऊन बसविली. त्यांपैकी हे एक. पिसांचे बारकावे नसलेली ही शिल्पे आकाराने मूळ पक्ष्याहून मोठी आहेत आणि पाहणाऱ्याने त्यांच्यावरून हात फिरवावा अशी शिल्पकाराची अपेक्षा आहे. ग्रेट ऑक या पक्ष्याची अखेरची ज्ञात जोडी १८४४ साली आइसलँडजवळच्या एल्डे बेटावर मारली गेली. त्याचे एक शिल्प तेथील किनाऱ्यावर त्या बेटाच्या दिशेने तोंड करून उभे आहे.

मार्थाज व्हिनयार्डवरील शिल्प हीथ हेन या पक्ष्याचे. त्याची कहाणी आपल्याकडील वाचकाने जरा सावकाश वाचावी अशी आहे. एके काळी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मुबलक असलेला हा जमिनीवर घरटे करणारा पक्षी शिकारीमुळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या एका बेटापुरता उरला. १९०८ मध्ये त्याच्यासाठी राखीव क्षेत्र निर्माण झाले. संख्या वाढली, सुमारे दोन हजारांवर गेली आणि पक्षी वाचला असे सर्वांना वाटू लागले. मग १९१६ साली ऐन विणीच्या हंगामात आग लागली. पाठोपाठ कडक हिवाळा, शिकारी पक्षी आणि पाळीव कोंबडवर्गीय पक्ष्यांकडून आलेला रोग. १९२७ मध्ये जेमतेम तेरा पक्षी उरले, त्यांतही बहुतेक नर. अखेरचा एकटा नर ११ मार्च १९३२ रोजी दिसला, तो पुन्हा दिसला नाही. राखीव क्षेत्र होते, कायदा होता, गणना होत होती. सारे काही एकाच टोपलीत होते, इतकेच.

मॅकग्रेन यांची शिल्पे म्हणजे पश्चात्तापाची स्मारके आहेत. ती पाहून पाहणाऱ्याचे डोळे ओलावतील, परंतु पक्ष्याचा उपयोग शून्य. प्रश्न असा की, पक्षी जिवंत असतानाच त्याला धातूत ओतले तर काही साधेल काय? महाराष्ट्रापुरता हा प्रश्न माळढोकाचा आहे. सोलापूरजवळच्या नान्नजचा माळ या पक्ष्यासाठी ओळखला जातो. १९७९ मध्ये तेथे अभयारण्य घोषित झाले. आज देशभरात मिळून दीडशेच्या आसपास माळढोक उरले असून त्यांतील बहुतेक राजस्थानात आहेत. महाराष्ट्रात ते मोजायला हाताची बोटेही अधिक ठरतात.

पुतळे उभारण्यात महाराष्ट्राचा उत्साह कधी कमी पडला आहे, असा आरोप कोणी करणार नाही. चौकात पुतळा बसला की कर्तव्य पार पडल्याची भावना होते, हा धोका पक्ष्याच्या बाबतीतही आहेच. तरीही शिल्पाच्या कल्पनेला सरसकट हसून चालणार नाही. माळढोक कमालीचा बुजरा आहे. मादी बहुधा एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. तेव्हा शाळेच्या सहली त्याच्या विणीच्या जागी नेणे म्हणजे त्याचा घात करणे. ज्याला पाहायला जाऊ नये, असा पक्षी लोकांना ठाऊक तरी कसा व्हावा? येथे शिल्प कामाला येते. सुमारे मीटरभर उंच नराचे यथाप्रमाण शिल्प शेजारी असले, म्हणजे पंधरा किलोपर्यंत वजन भरणारा हा पक्षी हवेत ऐनवेळी वळू का शकत नाही, हे विद्यार्थ्याला सांगावे लागत नाही. त्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना आहेत, त्यामुळे समोरच्या विजेच्या तारा त्याला वेळेवर दिसत नाहीत. तारांना धडकून होणारे मृत्यू हे त्याच्या ऱ्हासाचे एक मोठे कारण आहे. या तारा भूमिगत करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये दिला आणि मार्च २०२४ मध्ये त्यात बदल करून प्रश्न तज्ज्ञांच्या समितीकडे सोपविला. या वादाचा अर्थ समजायला निवाड्याच्या पानांपेक्षा तो बाजूला बसविलेला डोळा अधिक उपयोगी पडेल.

कारागिरीसाठी परदेशाकडे पाहण्याचे कारण नाही. मेणाचा साचा करून धातू ओतण्याची कृती चालुक्य राजा सोमेश्वराच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' ग्रंथात दिलेली आहे आणि ती विद्या या देशात आजही जिवंत आहे. अडचण पैशाची आणि जागेची आहे. शिल्पाच्या छोट्या प्रतिकृती विकून निधी उभा राहू शकतो, परंतु तो निधी समारंभावर न जाता गवतावर खर्च झाला पाहिजे. सरकारदरबारी 'पडीक' ठरलेला माळ विकत वा भाड्याने घेणे, त्यावर हौसेने लावलेली झाडे काढणे, विणीच्या काळात चराई थांबविणाऱ्या गुराख्याला भरपाई देणे, ही ती कामे. वृक्षारोपणाचे फोटो निघतात, गवत राखल्याचे निघत नाहीत, म्हणून ती मागे पडतात.

शिल्प बसवायचे तर मुंबईत नको, सोलापुरात किंवा नान्नजच्या वाटेवर, विणीच्या माळापासून दूर, गावच्या शाळेजवळ बसवावे. चौथऱ्यावर उद्घाटकाचे नाव कोरण्याऐवजी एक काळा फळा ठेवावा आणि दर वर्षी गणना झाली की माळावर दिसलेल्या पक्ष्यांचा आकडा त्यावर शाळेतल्या मुलांनी खडूने लिहावा, मागील वर्षांचे आकडे न पुसता.