हसलो, पण कशाला?
दूरचित्रवाणीवरील विनोद, बोली आणि प्रेक्षकाचे मत



काही वर्षांपूर्वी नांदेडच्या अभ्यासकेंद्रावरील संपर्कसत्रात मी एक साधा स्वाध्याय दिला होता. दूरचित्रवाणीवर पाहिलेल्या एखाद्या विनोदी भागाविषयी आपले मत एका पानात लिहावे, एवढीच अपेक्षा होती. पुढच्या रविवारी लातूरच्या केंद्रावरही तोच स्वाध्याय दिला. योगायोगाने दोन ठिकाणच्या दोन विद्यार्थ्यांनी एकाच कार्यक्रमाच्या एकाच भागावर लिहिले. त्या भागात मराठवाड्यातील एक खेडवळ बाई शहरातील नातलगांकडे येते आणि तिच्या प्रत्येक वाक्यावर हशा पिकतो.

देगलूरकडील एका एस. टी. वाहकाने लिहिले होते, "आपली भाषा टीव्हीवर ऐकून बरे वाटले. घरातले सगळे पोट धरून हसलो." उदगीरच्या एका अंगणवाडी सेविकेचे उत्तर निराळे होते. त्यांचा मुलगा हसत हसत आजीला म्हणाला, "आज्जी, ही बाई तुझ्यासारखीच बोलायलीय!" त्या दिवसापासून सासूबाई पाहुण्यांसमोर फारसे बोलेनाशा झाल्या, एवढे सांगून त्यांनी उत्तर संपवले होते.

या दोन मतांपैकी खरे कोणते? माझ्या मते दोन्ही खरी आहेत. मात्र दोन्ही अपुरी आहेत, कारण आपण नेमके कशाला हसलो, या प्रश्नापाशी कोणीच थांबले नाही. विनोदावरील मत या प्रश्नापासून सुरू झाले पाहिजे, असे मला वाटते.

प्रथम भाषेची बाजू पाहू. 'मी जेवत आहे' असे प्रमाण मराठीत म्हणतात, तिथे नांदेड-लातूरकडे 'मी जेवायलो' किंवा 'जेवू लालो' असे ऐकू येते. या रूपाचे नाते 'जेवू लागलो' या रचनेशी जोडता येते. प्रमाण भाषेत ती रचना क्रियेचा आरंभ दाखवते, तर आपल्याकडे तिने चालू क्रिया दाखवण्याचे काम घेतले. म्हणजे 'करायलो', 'जायलो', 'बोलायलीय' ही रूपे बिघडलेली नाहीत. ती नियमाने चालतात. या बोलीच्या घडणीला इतिहासही आहे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त होईपर्यंत येथील राज्यकारभाराची आणि उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. देगलूर, बिलोली, धर्माबाद या भागांत तेलुगूचा, तर उदगीर, निलंग्याकडे कन्नडचा शेजार आजही आहे. एवढ्या भाषांच्या सहवासात वाढलेली बोली ऐकताच हसू येत असेल, तर त्या हसण्याचे कारण बोलीच्या व्याकरणात सापडणार नाही. ते ऐकणाऱ्याच्या सवयीत आहे.

आता विनोदी मालिकांकडे वळू. मुंबई दूरदर्शनवर सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात 'चिमणराव' ही मालिका गाजली. दिलीप प्रभावळकर चिमणराव होते आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. मूळ कथा चिं. वि. जोशी यांच्या. पाली भाषेच्या या अभ्यासकाने भित्रा, सरळ आणि पदोपदी फजिती ओढवून घेणारा कारकून मराठीत अजरामर केला. चिमणराव पुणेरी मध्यमवर्गीय मराठी बोलतो, पण त्या मराठीला कोणी हसत नाही. हसू येते ते त्याच्या स्वभावाचे आणि प्रसंगाचे. त्याची भाषा प्रमाण मानली गेल्यामुळे ती ऐकणाऱ्याच्या कानाला जाणवतच नाही. खेडवळ पात्राला ही सवलत मिळत नाही. त्याने तोंड उघडताच विनोद झाला, असे लेखकही धरून चालतो आणि प्रेक्षकही.

ही रीत केवळ मराठीची नाही. अमेरिकेत १९५५ ते १९७५ अशी वीस वर्षे चाललेली 'गनस्मोक' ही पश्चिमेकडील सरहद्दीच्या जीवनावरची मालिका पाहा. मुळात ती गंभीर. मॅट डिलन हा मार्शल मोजके आणि नेटके बोलतो. हलक्याफुलक्या प्रसंगांचा भार सुरुवातीच्या वर्षांत मुख्यतः त्याच्या चेस्टर या मदतनिसावर असे. चेस्टर लंगडत चालतो आणि ग्रामीण हेल काढून बोलतो. पुढे त्याची जागा फेस्टस या निरक्षर डोंगरी माणसाने घेतली. त्याचे बोलणे तर आणखी रांगडे. नायक प्रमाण भाषेत आणि हसवणारा बोलीत, ही वाटणी सातासमुद्रापारही तशीच. तरीही प्रेक्षकांनी या दोघांवर प्रेम केले, कारण ते केवळ हसवत नव्हते. ते निष्ठावान होते, शहाणपणाचे बोलत आणि प्रसंगी जिवावर उदार होत. त्यांची बोली विनोदासाठी वापरली गेली, पण माणूस विनोदापुरता उरला नाही.

मग विनोदाची परीक्षा कशी करावी? एक उपाय सहज सुचतो. संवाद प्रमाण भाषेत बदलून वाचावेत. हसू टिकले तर विनोद प्रसंगाचा, उडाले तर तो बोलीच्या टवाळीचा. मी स्वतः अनेक वर्षे हाच उपाय वर्गात सांगत असे. परंतु 'वऱ्हाड निघालंय लंडनला' या एकपात्री प्रयोगापुढे तो टिकत नाही. औरंगाबादचे प्रा. लक्ष्मण देशपांडे एकट्याने बावन्न पात्रे उभी करीत, आणि त्या प्रयोगाचा प्राणच मराठवाडी बोली होती. ती काढून घेतली तर त्यातले काहीच शिल्लक राहणार नाही. मग तो प्रयोग बोलीची टवाळी होता काय? मुळीच नाही. तिथे एखाद-दुसरे पात्र नव्हे, सारा गावच बोलीत नांदतो. भांडणारे, समजूत घालणारे, लबाड, भोळे, सारेच त्या बोलीत बोलतात. बोली हे तिथले जग आहे, त्या जगातले व्यंग नाही.

म्हणून आता मी दुसरी कसोटी मानतो. बोलीत बोलणाऱ्या पात्राला त्या कथेत हसवण्याखेरीज आणखी काय करता येते? त्याला रडता येते का? त्याचे म्हणणे कधी बरोबर ठरते का? वाद जिंकता येतो का? प्रेम करता येते का? 'सैराट' हा चित्रपट २०१६ मध्ये आला, तेव्हा त्यातील नायिका करमाळ्याकडच्या बोलीत हुकूम सोडत होती. प्रेक्षक हसले, पण तिला हसले नाहीत. आमच्या स्वाध्यायातील त्या भागाला ही कसोटी लावली, तर त्या खेडवळ बाईच्या वाट्याला गोंधळ आणि ओशाळे होणे याखेरीज काहीच येत नाही. शिवाय तिची बोलीही खरी नाही. एक शब्द मराठवाड्याचा, दुसरा कोल्हापूरकडचा, तिसरा वऱ्हाडातला! अशी 'गावरान' भाषा कोणत्याच गावात बोलली जात नाही.

विनोदाकडे इतक्या गंभीरपणे पाहू नये, असा आक्षेप यावर घेतला जातो. त्यात तथ्य आहे. प्रत्येक हशाची चौकशी मांडली, तर कोणी हसणारच नाही, आणि स्वतःला हसता येणे हे मराठवाड्याच्या माणसाचे मोठेच बळ आहे. परंतु स्वतःला हसणे आणि इतरांनी हसावे म्हणून स्वतःला लहान करणे यांत अंतर आहे. पीएच.डी.साठी मी गाव सोडले, तेव्हा वसतिगृहातील मित्र माझ्या 'करायलो'ची नक्कल करीत आणि मीही त्यांच्याबरोबर हसत असे. सहा महिन्यांत ते रूप माझ्या तोंडून गेले. भाषाविज्ञानाच्या प्रबंधात मी बोलींच्या समानतेवर एक प्रकरण लिहिले, आणि सुटीत घरी गेल्यावर आईशी मात्र पुस्तकी मराठीत बोलू लागलो. माझ्या हातून काय निसटले, हे त्या वेळी माझ्या लक्षात आले नाही. उदगीरच्या त्या उत्तराने ते लक्षात आणून दिले.

तेव्हा त्या वाहकाचा आनंद मी खोटा मानत नाही. आपली बोली पडद्यावर यावी, ही त्याची भूक खरी आहे. भारत गणेशपुरे यांच्यासारख्या कलावंताने वऱ्हाडी बोली घरोघर पोहोचवली, त्यामागेही अशीच भूक होती. फक्त त्या भुकेला काय वाढले जाते, हे पाहण्याचा अधिकार प्रेक्षकाने सोडू नये. आणि सासूबाईंचे गप्प होणे हेही एक मतच आहे. ते कोणत्याही पाहणीत नोंदले जात नाही, एवढेच.

पुढील स्वाध्यायात आपण 'मजा आली' असे जरूर लिहावे. मात्र त्याखालच्या ओळीत मजा कशामुळे आली, ते पात्र हसवण्यापलीकडे काय करू शकले आणि आपण हसत असताना घरात कोण गप्प होते, हेही लिहावे. हे लिहिताना 'जेवायलो', 'बोलायलीय' अशी रूपे लेखणीतून उतरली, तर ती खोडू नयेत. मी त्यांचे गुण कापणार नाही.