ग्रँडमा मोझेसनं ७८व्या वर्षी सुरुवात केली नव्हती

परदेशातल्या आपल्या या मंडळात कुणी निवृत्त झालं, की कौतुकाच्या भाषणात ग्रँडमा मोझेसचं नाव हमखास येतं. ७८ वर्षांची होईपर्यंत त्या शेतकरीणबाईनं ब्रश हातात धरला नव्हता आणि पुढे जगभर नाव झालं, तेव्हा आता तुम्हीही पेटी माळ्यावरून खाली काढा, असा त्या भाषणाचा रोख असतो. सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. तरी ही गोष्ट अशी सांगणं मला घातक वाटतं. ती ऐकून पस्तिशी-चाळिशीतली माणसं आपली कला आणखी पंचवीस वर्षं निर्धास्तपणे बासनात बांधून ठेवतात. शिवाय ती खरी नाही.

ॲना मेरी रॉबर्टसन, म्हणजे पुढची ग्रँडमा मोझेस, १८६० साली न्यूयॉर्क राज्यातल्या एका शेतकरी कुटुंबात जन्मली. वडील मुलांना चित्रं काढायला पांढरे कागद आणून देत. हाताशी रंग नसले की ही मुलगी द्राक्षांचा, रानफळांचा रस वापरी. बाराव्या वर्षी ती दुसऱ्यांच्या घरी कामाला राहिली आणि लग्न होईपर्यंत, म्हणजे पंधरा वर्षं, तेच करत होती. १८८७ मध्ये थॉमस मोझेसशी लग्न झालं. व्हर्जिनियात शेती, लोणी काढून विकणं, दहा बाळंतपणं. त्यांतली पाचच मुलं जगली. १९०५ मध्ये ही मंडळी न्यूयॉर्क राज्यात, ईगल ब्रिजला परतली. तिथे १९१८च्या सुमारास घराच्या दिवाणखान्याला कागद लावताना तो कमी पडला. शेकोटीचं तोंड झाकायची फळी तशीच राहिली, तेव्हा बाईंनी तिच्यावर निसर्गचित्र रंगवून टाकलं. त्या वेळी त्या साठीच्याही नव्हत्या.

पुढे आजारी मुलीच्या शुश्रूषेसाठी त्या बेनिंग्टनला गेल्या आणि तिच्याच आग्रहावरून लोकरीनं भरतकामाची चित्रं करू लागल्या. संधिवातानं सुई धरवेना, तेव्हा बहिणीनं सुचवलं की ब्रश घे. ज्याला आपण ‘सुरुवात’ म्हणतो ती एवढीच: दुखऱ्या बोटांनी सुईऐवजी ब्रश धरला. डोळा आधीच तयार होता. कोणत्या महिन्यात डोंगर कसा दिसतो, साखरेसाठी मेपलचा रस आटवताना बर्फात माणसं कुठे कुठे उभी असतात, हे सारं साठ-सत्तर वर्षांच्या पाहण्यातून आलं होतं. त्या आधी आभाळ रंगवत, मग डोंगर, मग झाडं-घरं, आणि माणसं-जनावरं सर्वांत शेवटी. मासिकांतली चित्रं कापून जपून ठेवत आणि आकृत्यांची मांडणी करताना ती वापरत. ही पद्धत त्यांनी कुठल्याही शाळेत न जाता स्वतःच बसवली होती.

कौंटीच्या जत्रेत त्यांनी मुरंबे आणि चित्रं दोन्ही मांडली, तेव्हा बक्षीस मुरंब्यांना मिळालं. चित्रांकडे कुणी वळूनही पाहिलं नाही. तरी त्या रंगवत राहिल्या. १९३८ मध्ये हूझिक फॉल्सच्या एका ड्रगस्टोअरच्या खिडकीत त्यांची चित्रं लुई कॅल्डोर या संग्राहकाला दिसली आणि त्यानं ती सगळी विकत घेतली. १९४० मध्ये न्यूयॉर्कला पहिलं एकटीचं प्रदर्शन झालं. १९६१ मध्ये, १०१व्या वर्षी, त्या गेल्या तेव्हा दीड हजारांवर चित्रं मागे होती. कॅल्डोर त्या रस्त्यानं आला, हा नशिबाचा भाग. तो आला नसता तरी ती चित्रं झालीच असती, आणि माझ्या लेखी हौशी कलावंताच्या आयुष्यातली महत्त्वाची गोष्ट ही आहे.

म्हणून मी म्हणते, मधली वर्षं जपली पाहिजेत. नोकरी, व्हिसा, घराचं कर्ज, मुलांचे वर्ग यांत हीच वर्षं सगळ्यांत आधी गिळली जातात. मला हे पटतं की वेळ खरोखरच नसतो. कुणाच्या आळसाबद्दल मी बोलत नाही. पण गळा, हात आणि कान वीस वर्षं वाट पाहत थांबत नाहीत. साठीनंतर पुन्हा सुरू करणाऱ्यांना गमावलेला सूर परत मिळवताना किती त्रास होतो, हे आपल्यातल्या अनेकांनी पाहिलं आहे. त्यांतले काही निराश होऊन पुन्हा थांबतात. आठवड्यातला एक तास राखला असता तर त्यांना इतक्या खोलातून वर यावं लागलं नसतं.

डॉ. श्रीराम लागूंचं उदाहरण आपल्याला जास्त जवळचं असायला हवं. कान-नाक-घशाचे शल्यविशारद म्हणून त्यांनी पुण्यात आणि पुढे टांझानियातल्या टबोरा इथे काम केलं. पुण्यात असताना वैद्यकी सांभाळून ते हौशी रंगभूमीवर उभे राहत होते. १९६९ मध्ये चाळिशी ओलांडल्यावर त्यांनी पूर्ण वेळ नाटक पत्करलं, तेव्हा अभिनय ही त्यांची जुनी, घासलेली विद्या होती. यामागे एकट्याची जिद्द होती, तशी एक संस्थाही होती: भालबा केळकरांची प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन. तिथे नोकरी-धंदा करणारी माणसं संध्याकाळी जमत, तालमी होत आणि चुका तोंडावर सांगितल्या जात. १९५४ पासूनच्या राज्य नाट्यस्पर्धेनं अशा शेकडो संघांना दरवर्षीची एक ठरलेली तारीख दिली. जब्बार पटेल, मोहन आगाशे यांच्यासारखे डॉक्टर नाटकात टिकले ते याच वातावरणात.

आता आपल्या मंडळाकडे पाहू. मुलांना गणपतीत रंगमंच मिळतो आणि तो मिळायलाच हवा. ज्येष्ठांचा कट्टा आहे. तिशी ते साठीतल्या माणसांना मात्र आपण स्वयंसेवक म्हणूनच ओळखतो: खुर्च्या मांडा, जेवणाची ऑर्डर द्या, मुलांना तालमीला सोडा. कुणी गाणारं असेल तर दिवाळीत पाच मिनिटं, आणि सूचना अशी की लोकांना माहीत असलेलं काहीतरी गा. या पाच मिनिटांवर कुणाची कला वाढत नाही. टाळ्या मिळतात, पण निषाद चढा लागला, हे कुणी सांगत नाही.

काहीजण म्हणतील, हौशी माणसाचं कच्चं काम इतरांनी का सोसायचं? तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांपुढे ते ठेवू नये, हे मलाही मान्य आहे. कच्चं काम पिकायला लहान जागा लागते, दहा-पंधरा जाणकार आणि प्रेमळ माणसांची. अशी जागा परदेशात आपोआप तयार होत नाही. पुण्या-मुंबईत ती गल्लीत सापडते. इथे ती ठरवून उभी करावी लागते, आणि ते काम मंडळाचं आहे.

कार्यकारिणीला माझी विनंती आहे: महिन्यातली एक संध्याकाळ याच कामासाठी राखून ठेवा. ध्वनिक्षेपक नको, बक्षीस नको, जेवणाचा घाट तर मुळीच नको. तीन जणांनी आपलं चालू काम मांडावं आणि बाकीच्यांनी त्यावर खरं बोलावं. मुलांना सोबत आणायची सोय असावी, नाहीतर आया येऊ शकणार नाहीत. पहिल्या बैठकीसाठी आमच्या घराची बैठकीची खोली मी देते. चीज अपुरी असेल, चित्र अर्धवट असेल, कथेचा पहिलाच खर्डा असेल, तरी घेऊन या.