विमान आपले, इंजिन कोणाचे?

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगड येथे मिग-२१ विमानांना वायुदलाने समारंभपूर्वक निरोप दिला. १९६३ साली याच चंदीगडला या विमानांची पहिली तुकडी उभी राहिली होती. बासष्ट वर्षांची सेवा संपली आणि ज्यांनी १९७१चे युद्ध पाहिले आहे, अशा अनेकांचे डोळे त्या दिवशी पाणावले. ते स्वाभाविकच होते. पण निरोपाचे बिगूल थांबल्यावर जो आकडा उरला, त्याची चर्चा मात्र फारशी कोठे झाली नाही. वायुदलाला मंजूर असलेल्या लढाऊ तुकड्या ४२ आणि त्या दिवसानंतर हाती उरलेल्या तुकड्या २९. एकाच वेळी चीन आणि पाकिस्तान या दोन सीमांकडे पाहावे लागणाऱ्या देशाची ही अवस्था आहे.

असा आकडा पुढे आला की आपल्याकडील सुशिक्षितांच्या दिवाणखान्यात एकच उपाय ऐकू येतो. ‘बाहेरून विमाने घ्या. पैसे आहेत, विकणारे आहेत, मग अडचण काय?’ हा उपाय सुचविणारे लोक देशद्रोही नसतात. बहुधा ते चांगले देशभक्तच असतात. पण वायुदल हे मोटारींच्या ताफ्यासारखे दुकानातून आणता येते, हा त्यांचा समज घातक आहे. लढाऊ विमान विकत घेतले म्हणजे व्यवहार संपत नाही, तो तेथून सुरू होतो. पुढील तीस-चाळीस वर्षे त्याचे सुटे भाग, त्याची शस्त्रे, त्याच्या इंजिनाची दुरुस्ती या सर्वांसाठी विकणाऱ्या देशाच्या परराष्ट्र खात्याची मर्जी सांभाळावी लागते.

आपल्या शेजाऱ्याचेच पाहा. पाकिस्तानने अमेरिकेकडे एफ-१६ विमाने मागविली, त्यांचे पैसेही मोजले. १९९० साली अणुकार्यक्रमाच्या कारणावरून प्रेसलर दुरुस्ती लागू झाली आणि तयार झालेली २८ विमाने ॲरिझोनाच्या वाळवंटात उभी करून ठेवण्यात आली. इराणच्या शहाने अमेरिकेकडून ७९ एफ-१४ विमाने घेतली. १९७९ साली राज्य उलथले आणि सुट्या भागांचा मार्ग बंद झाला. शेजाऱ्याच्या फजितीला हसण्याचा मोह होईल, पण तो आवरावा. सोव्हिएत संघ कोसळल्यावर आपल्याही मिग विमानांच्या सुट्या भागांची टंचाई झाली होती. १९९८च्या पोखरण चाचण्यांनंतर तर अमेरिकेत तेजसच्या उड्डाण-नियंत्रण प्रणालीवर काम करणाऱ्या आपल्या अभियंत्यांना परत पाठविण्यात आले. त्यांनी ते काम बंगळुरूला येऊन पूर्ण केले आणि ४ जानेवारी २००१ रोजी ते विमान प्रथम आकाशात झेपावले. निर्बंध घालणाऱ्यांना जे साधायचे होते, ते साधले नाही. मात्र त्या दिवशीही त्या विमानाच्या पोटात इंजिन होते ते अमेरिकेचेच.

या लेखाचा मुद्दा हाच आहे. ज्या देशाकडे स्वतःचे इंजिन नाही, त्याच्याकडे विमाने असतील, शूर वैमानिक असतील, पण पूर्णपणे स्वतःचे असे वायुदल असत नाही.

हे प्रथमच घडले असते तर क्षम्य होते. पण आपण हा धडा एकदा शिकून विसरलो आहोत. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर १९४० मध्ये, म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने, बंगळुरूला विमानाचा कारखाना काढला. त्याच कारखान्यात १९५६ साली जर्मन अभियंता कुर्ट टँक आले आणि भारतीय सहकाऱ्यांसह त्यांनी एक लढाऊ विमान आखले. १७ जून १९६१ रोजी ‘मरुत’ने पहिले उड्डाण केले. स्वतंत्र होऊन चौदा वर्षेही न झालेल्या देशाने हे साधले होते! विमानाचा सांगाडा ध्वनीच्या वेगाच्या कितीतरी पुढे जाण्यासाठी आखलेला होता. पण त्याला साजेसे इंजिन नव्हते. ब्रिटनमधील ऑर्फियस इंजिनाची अधिक शक्तिशाली आवृत्ती मिळायची होती. तिच्या विकासाचा खर्च भारताने उचलावा, असा प्रश्न आला. तत्कालीन शासनाने तो खर्च नाकारला. मग इजिप्तच्या इंजिनाचा शोध झाला. आपले एक मरुत थेट हेलवानला नेऊन त्यावर ते इंजिन बसविण्यात आले, आणि काही वर्षांनी इजिप्तनेच तो प्रकल्प गुंडाळला. दोन लहान इंजिने जोडून मरुत उडत राहिले. इंजिनाची शक्ती वाढविण्याच्या खटपटीतच १० जानेवारी १९७० रोजी ग्रुप कॅप्टन सुरंजन दास या निष्णात चाचणी वैमानिकाने प्राण गमावले. १९७१च्या युद्धात राजस्थानच्या आघाडीवर मरुतने आपले काम चोख केले. तरीही १४७ विमानांवर उत्पादन थांबले आणि ते आखणारा चमू विखुरला. त्यानंतर लढाऊ विमानाचा पुढचा स्वदेशी प्रकल्प मंजूर झाला तो १९८३ साली. मधल्या काळात एक संपूर्ण पिढी निवृत्त झाली होती. तिच्या हातांतले ज्ञान कोणत्याही फाइलमध्ये उतरवून ठेवता येण्यासारखे नव्हते.

तेजससाठी ‘कावेरी’ इंजिन हाती घेतले १९८९ साली. वीस वर्षे गेली, इंजिन ठरल्यापेक्षा जड झाले, अपेक्षित जोर देऊ शकले नाही आणि सप्टेंबर २००८ मध्ये त्याला तेजसपासून वेगळे करण्यात आले. महालेखापरीक्षकांनी ताशेरे ओढले, वृत्तपत्रांनी खिल्ली उडविली. खिल्ली उडविणाऱ्यांपैकी कितीजणांना जेट इंजिन म्हणजे काय, हे ठाऊक होते, हा प्रश्नच आहे. टर्बाइनच्या पात्यांवर आदळणारा वायू इतका तप्त असतो, की पाते ज्या धातूचे असते तो धातू त्या तापमानाला वितळून जावा. तरी ते पाते वितळता कामा नये, ताणले जाता कामा नये आणि मिनिटाला हजारो फेरे घेत राहिले पाहिजे. त्यासाठी निकेलची मिश्रधातू अशा रीतीने ओततात, की संपूर्ण पाते एकाच स्फटिकाचे बनते. त्याच्या आत केसासारख्या वाहिन्या ठेवून थंड हवा खेळवितात. ही विद्या जगातील मोजक्या देशांकडे आहे आणि ती कोणी विकत देत नाही. हैदराबादच्या संरक्षण धातुविज्ञान प्रयोगशाळेने हेलिकॉप्टरच्या इंजिनासाठी अशी पाती बनवून २०२१ साली एचएएलला दिली. त्या वार्तेला आपल्या किती वृत्तवाहिन्यांनी पाच मिनिटे दिली?

कावेरीवर त्या दोन दशकांत सुमारे दोन हजार कोटी रुपये खर्च झाले. ३६ राफेल विमानांचा व्यवहार सुमारे ५९ हजार कोटींचा होता. रुपयाचे मूल्य घसरले हे धरूनही हिशेब स्पष्ट आहे. दोन राफेलच्या किमतीइतकेही आपण एका संपूर्ण विद्येसाठी मोजले नाही आणि वर ती विद्या वेळेत का आली नाही, म्हणून संतापलो.

येथे काही कटू शब्द आपल्याच माणसांना उद्देशून लिहिणे भाग आहे. काँग्रेसच्या राजवटींनी मरुतचे काय केले, हे सांगताना आपला आवाज चढतो, आणि तो चढावाही. पण जुलै २०२० मध्ये राफेल विमाने अंबाल्याला उतरली, तेव्हा मिठाई वाटणारे आपणच होतो. जून २०२३ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या एफ-४१४ इंजिनाचा समझोता झाला, तेव्हा ८० टक्के तंत्रज्ञान मिळणार, या आकड्याने आपण हरखून गेलो. उरलेले २० टक्के कोणते, हे कितीजणांनी विचारले? परवान्याखाली उत्पादन म्हणजे स्वदेशी, ही समजूतही आपल्याच व्यासपीठांवरून पसरते. सुखोईचे इंजिन ओडिशातील कोरापूटला वर्षानुवर्षे तयार होत आहे. नाशिकजवळ ओझरला शेकडो मिग-२१ तयार झाले. त्या कारखान्यातील कामगारांच्या कौशल्याविषयी शंका नाही. परंतु दुसऱ्याच्या आराखड्याबरहुकूम भाग घडविणे वेगळे आणि तो भाग तसाच का, हे कळणे वेगळे. पहिल्याने रोजगार मिळतो, दुसऱ्याने स्वातंत्र्य.

त्याच ओझरहून १७ ऑक्टोबर २०२५ रोजी तेजस मार्क-१ए उडाले. अभिमानाचा प्रसंग होता. पण फेब्रुवारी २०२१ मध्ये मागणी नोंदविलेल्या ८३ विमानांसाठीचे पहिले अमेरिकन इंजिन हाती आले मार्च २०२५ मध्ये, ठरल्या वेळेपेक्षा सुमारे दोन वर्षे उशिरा. विलंबाचा सर्व दोष इंजिनाचा नाही. एचएएलच्या ढिलाईबद्दल वायुदलप्रमुखांनी जाहीर नापसंती व्यक्त केली आहे आणि ती योग्यच आहे. तरी इंजिनाअभावी तयार सांगाडे कारखान्यात उभे राहिले, हे सत्य उरतेच. या वेळी तर कोणतेही निर्बंध नव्हते. मित्रराष्ट्राच्या कारखान्याची पुरवठा-साखळी विस्कळीत झाली, एवढेच.

वायुदलाच्या उभारणीत आणखीही बरेच काही लागते. प्रगत प्रशिक्षण विमान हवे, अशी शिफारस ला फाँटेन समितीने १९८२ साली केली होती. हॉक विमानांचा करार झाला २००४ साली. मधल्या बावीस वर्षांत तरुण वैमानिक संथ विमानावरून थेट मिग-२१वर बसत राहिले. त्याची किंमत कोणत्या घरांनी मोजली, ते आपण जाणतो.

आपल्या घरांनाही एक प्रश्न आहे. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात आणि पवईच्या आयआयटीत धातुशास्त्र शिकविले जाते. गुणवत्ता यादीत वर असलेला मुलगा किंवा मुलगी ती शाखा मागू लागली, तर आपल्यापैकी किती आईवडील आनंदाने होकार देतील? संगणक मिळत असता धातू कशाला, हेच उत्तर बहुतेक घरांत मिळेल. शाखेच्या दिवशी स्वदेशीवर बौद्धिक ऐकून आलेल्या घरातही.

ऑगस्ट २०२५ मध्ये संरक्षणमंत्र्यांनी फ्रान्सच्या साफ्रान कंपनीसह पुढील पिढीच्या लढाऊ विमानासाठी इंजिन विकसित करण्याची दिशा जाहीर केली. तिचे स्वागत आहे. मात्र करारातील दोन कलमे प्रत्येक खासदाराने तपासावीत: आराखड्याची मालकी कोणाची, आणि तप्त भागांची ओतणी कोणत्या देशात होणार. त्याबरोबरच आणखी एक जुनी मागणी आहे. कावेरीची उंचीवरील परिस्थितीतील चाचणी आणि विमानावर बसवून घ्यावयाची चाचणी, या दोन्हींसाठी आपल्या अभियंत्यांना रशियाला जावे लागले, तेथील वेळापत्रकाची वाट पाहावी लागली. असे चाचणी केंद्र आणि असे एक चाचणी-विमान भारतात उभे करण्यासाठी कोणत्याही परदेशी भागीदाराच्या स्वाक्षरीची गरज नाही. त्यासाठीची तरतूद पुढच्या अर्थसंकल्पात दिसते की नाही, एवढे वाचकांनी पाहावे, आणि न दिसल्यास आपल्या खासदाराला पत्र लिहून विचारावे.