हात लावला की बाद

आपल्या पोरांनी परवा विहाराच्या पायरीवर बसून एक यादी केली. ऑलिंपिकमधले दहा थोर खेळाडू. वर फेल्प्स, २३ सुवर्णपदकं. खाली बोल्ट, ८ सुवर्ण. मग कार्ल लुईस, ९. मग लाटीनिना, एकूण १८ पदकं. आकडे चोख. एकही चुकला नव्हता. आणि तिथंच मला ती यादी खटकली. च्यायला, ही यादी तर कुठल्याही जिमखान्याच्या भिंतीवर शोभली असती. मग ती आपली कशी?

पोरं म्हणाली, खेळात कसली आलीय जात? पदकं मोजा आणि मोकळे व्हा.

दोस्तहो, पदकं मोजायला आपली ना नाही. पण धावणारा धावपट्टीपर्यंत कुठून आला, ते अंतर कोण मोजणार? शंभर मीटर सगळ्यांना सारखेच असतात, ही थाप आहे. काहींची धाव मैदानावर सुरू होते, काहींची गावकुसाबाहेरून.

मी पिंगुळीचा. कुडाळच्या कुशीतलं गाव. बाहेरच्यांना ते ठाऊक आहे ठाकर आदिवासींच्या चित्रकथीमुळं, कळसूत्री बाहुल्यांमुळं. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, आनंद झाला. पण चित्रकथीच्या पोथीतली चित्रं कुणाची? रामाची, पांडवांची. सांगणारा आदिवासी, नायक राजवाड्यातला. आणि ही पोथी फक्त पिंगुळीत नाही, दिल्लीतही उघडीच आहे. खेळाडूंना १९६१ पासून अर्जुन पुरस्कार, गुरूंना १९८५ पासून द्रोणाचार्य. ज्या गुरूनं आदिवासी पोराचा अंगठा मागून घेतला, त्याच्या नावाचं बक्षीस! हे नाव लिहिताना कुणाचाच अंगठा कसा दुखला नाही?

माझा पहिला खेळाडू कुठल्याच पोथीत नाही. माझा चुलता. भात कापलं की मोकळ्या कुणग्यात हुतूतू रंगायचा. वरच्या वाडीला गडी कमी पडला की खालच्या वाडीतल्या चुलत्याला हाक. काका चढाईला गेला की समोरचे सातही मागं सरकायचे. दोघातिघांना शिवून काका आरामात परत. गावात बोलबाला, काय चपळ गडी! काकाच मग खरं सांगायचा, "अरे झिला, माका धरतलो कोण? धरल्यान तर घराक जावन न्हावचा लागात."

खेळाचा नियम काय? हात लागला की बाद. गावाचा नियम काय? हात लागला की बाटला. एकाच मातीत दोन नियम, आणि त्या दोघांच्या फटीतून माझा काका जिंकत होता. पण तो त्या जिंकण्यावर खूश नव्हता.

एकदा परगावचा संघ आला. त्यातल्या एका गड्यानं काकाचा घोटा असा आवळला की काका तोंडावर आपटला. दम गेला, बाद झाला. आणि मातीत पडल्या पडल्या हसत सुटला. म्हातारपणी ही गोष्ट सांगताना त्याचे डोळे भरायचे. "त्या दिवशी माका पयल्यांदा कोणीतरी धरल्यान रे. हरलंय, पण खेळलंय."

यापेक्षा मोठी समतेची व्याख्या मी पुस्तकात वाचली नाही. आम्हाला सूट नको, कौतुक नको. पकड पाहिजे. बरोबरीनं धरा, बरोबरीनं पाडा.

आता या मापानं यादी लावून बघा.

पळवणकर बाळू. आडनाव रत्नागिरीतल्या पळवण गावचं, म्हणजे आपल्याच कोकणातलं. चांभाराचा पोरगा. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टी राखायचा, नेटमध्ये साहेबांना चेंडू टाकायचा. पुण्याच्या हिंदू संघाला गोऱ्यांना हरवायचं होतं, म्हणून त्याला घेतलं. मैदानावर त्यानं घासलेला चेंडू सवर्णांच्या हातात चालायचा. चहाच्या वेळी मात्र त्याला बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात. चेंडू विटाळत नाही, कप विटाळतो! १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात या माणसानं ११४ बळी घेतले. कप्तानपद? ते कधीच नाही. ते १९२३ साली त्याच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळालं, तेही भांडून.

इथं एक पोरगा तडकला. "बाळू? तो तर १९३७ ला काँग्रेसच्या तिकिटावर बाबासाहेबांविरुद्ध उभा राहिला!"

राहिला. पडला. त्याआधी पुणे कराराच्या वेळीही तो बाबासाहेबांच्या बाजूला नव्हता. हे लपवायचं नाही. पण म्हणून ते ११४ बळी खोडायचे का? ती मातीची भांडी खोडायची का? २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत बाबासाहेबांनीच बजावलं होतं की राजकारणातली भक्ती हा अधोगतीचा रस्ता आहे. मग खेळाडूची तरी भक्ती कशाला? बाळूला देव्हाऱ्यात बसवू नका. मैदानात उभा करा. जिथं चुकला तिथं चुकला म्हणा, जिथं लढला तिथं टोपी काढा. नायक आणि देव यातला फरक कळला नाही, तर आपण पोथी बदलली, पण पूजा तीच ठेवली.

दुसरा, खाशाबा जाधव. कराडजवळच्या गोळेश्वरचा. आपल्या वस्तीतला नव्हे, शेतकऱ्याचा पोर. चालेल, आपली यादी जातीचा दाखला मागत नाही. १९४८ ला लंडनमध्ये सहावा. १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे नाहीत. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले. खाशाबानं कांस्य आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. १९८४ ला अपघातात गेला. अर्जुन पुरस्कार मिळाला २००० सालचा, मेल्यावर सोळा वर्षांनी. आता सांगा, गुरू कोण? अंगठा मागणारा, की घर गहाण टाकणारा? बक्षीस कुणाच्या नावानं पाहिजे?

तिसरे दोघे. मेक्सिको, १९६८. टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस. दोनशे मीटरचं पदक गळ्यात, पायात बूट नाहीत, हातात काळा मोजा, मूठ वर. दोघांनाही स्पर्धेतून हाकललं. चार वर्षांनी, १९७२ ला, आपल्या मुंबईत पँथर जन्माला आली. पण त्या फोटोतला तिसरा माणूस बघा. पीटर नॉर्मन, गोरा, ऑस्ट्रेलियाचा, रौप्यवाला. त्यानं मूठ वळली नाही, पण छातीवर त्यांचाच बिल्ला लावला. २००६ ला तो वारला तेव्हा स्मिथ आणि कार्लोस यांनी त्याच्या शवपेटीला खांदा दिला. माझ्या काकाचा घोटा धरणारा तो परगावचा गडी आणि हा नॉर्मन, मला एकाच रांगेत दिसतात.

चौथी, वंदना कटारिया. टोकियो, २०२१. दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल. ऑलिंपिक हॉकीत हॅटट्रिक करणारी पहिली भारतीय बाई. चार दिवसांनी उपांत्य सामन्यात अर्जेंटिनाकडून भारत हरला. आणि हरिद्वारजवळ तिच्या घरासमोर काही सवर्ण टाळकी फटाके वाजवून नाचली. संघात दलित जास्त झाले म्हणून हरलो, अशी शिवीगाळ. देश हरल्याचा आनंद! मग देशद्रोही कोण, हे कुठल्या टीव्हीवाल्यानं विचारलं? पोरगी पुढच्या सामन्यात उतरली आणि ग्रेट ब्रिटनविरुद्ध पुन्हा गोल मारला. हा झाला जबाब.

तेव्हा फेल्प्स, बोल्ट राहू द्या. ते मोठेच आहेत. बोल्टची धाव बघताना माझ्याही अंगावर काटा येतो. पण ती यादी जग ठेवतंच आहे. जी कुणी ठेवत नाही, ती आपण ठेवायची. प्रत्येकानं आपल्या गावात जावं, म्हाताऱ्यांना विचारावं. कोण खेळत होतं? कुणाला खेळू दिलं नाही? कुणाला पाणी कुठल्या भांड्यात मिळालं? आणि वहीत लिहावं, नावानिशी.

कबड्डी १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं बर्लिनला नेऊन दाखवली, जिथं जेसी ओवेन्सनं हिटलरच्या नाकावर टिच्चून चार सुवर्णं मारली. दाखवली, एवढंच. पदक तिला ऑलिंपिकनं दिलं नाही. म्हणजे माझ्या काकाचा खेळही वेशीबाहेरच.

यादीत माझा एक नंबर ठरलाय. पदकं शून्य. एकदा बाद.