भिंतीने उपदेश नको, पत्ता सांगावा

२६ फेब्रुवारी २०२३ रोजी चिंचवड विधानसभेची पोटनिवडणूक झाली, तेव्हा जेमतेम निम्मे मतदार केंद्रावर आले. नोव्हेंबर २०२४ मध्ये राज्यात सुमारे ६६ टक्के मतदान झाले. चिंचवड मात्र साठीच्या आतच राहिले. ताथवडे याच मतदारसंघात येते. निवडणूक जवळ आली की भिंतींवर शाई लावलेले बोट आणि ‘मतदान करा’ ही ओळ रंगवली जाते. मतदान हे कर्तव्य आहे, हे वाचणाऱ्याला आधीच ठाऊक असते. त्याला अडते ते वेगळ्याच ठिकाणी, आणि भिंतीवरच्या चित्राने बोलायला हवे ते त्या अडचणीविषयी.

ताथवडे २००९ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले. महामार्गालगतच्या या गावात आज महाविद्यालये आहेत, हिंजवडीत नोकरी करणारी कुटुंबे आहेत, भाड्याने राहणारे विद्यार्थी आणि कामगार आहेत. यांतल्या अनेकांचे नाव अजून मूळ गावच्या यादीत असते, आणि भाडेकरूला इथे नाव नोंदवता येत नाही असा समजही पसरलेला असतो. कायदा मालकी विचारत नाही, सामान्य वास्तव्य विचारतो. नवी नोंदणी नमुना ६ ने होते, पत्ता बदलायला नमुना ८ लागतो. आणि अठरा वर्षे पूर्ण झाल्याची तारीख धरण्यासाठी आता वर्षातून चार संधी मिळतात. महाविद्यालयाच्या फाटकासमोर ‘इथे राहतोस, तर इथला मतदार हो’ असे सांगून या दोन नमुन्यांची वाट दाखवणारे चित्र शंभर घोषणांपेक्षा उपयोगी पडेल.

नुसत्या चित्राने मत पडत नाही, हा आक्षेप खरा आहे. अमेरिकेतल्या न्यू हेवन शहरात १९९८ मध्ये गर्बर आणि ग्रीन या अभ्यासकांनी प्रयोग केला. टपालाने पाठवलेल्या आवाहनाचा परिणाम किंचितच ठरला, तर दारात जाऊन बोलल्याने मतदान ठळकपणे वाढले. महाराष्ट्राला हा अनुभव नवा नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अण्णाभाऊ साठे आणि अमर शेख लोकांसमोर उभे राहून गायले, आणि मुंबईचा प्रश्न त्यांनी नाव घेऊन मांडला. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्राने संयुक्त महाराष्ट्र समितीच्या बाजूने जो कौल दिला, त्यामागे अनेक कारणे होती. पण त्या कलेने लोकांचा प्रश्न लोकांच्या तोंडी दिला, हे विसरता येणार नाही. म्हणून भिंत कंत्राटदाराकडून एका रात्रीत रंगवून घेऊ नये. सोसायटीतली माणसे, गावठाणातली मंडळी आणि विद्यार्थी यांनी मिळून विषय ठरवावा, आणि रंगकाम चालू असताना शेजारीच नोंदणीचे टेबल असावे. चार दिवसांचे ते काम म्हणजेच समोरासमोरची गाठभेट.

दुसरा आक्षेप असा, की अंडरपासमध्ये पाणी साचते, उन्हाळ्यात टँकर लागतात, तिथे रंगावर पैसा कशाला? पण हेच प्रश्न भिंतीवर का येऊ नयेत? प्रभागाचा नकाशा, कोणत्या कामाला किती रक्कम मंजूर झाली आणि ते कुठवर आले, हे चित्रातून दिसू द्या. पुण्याने २००६ पासून अंदाजपत्रकात नागरिकांच्या सूचना मागवल्या. ती वाट आपल्याकडेही भिंतीवरून सांगता येईल. शेजारच्या पुनावळ्यातला नियोजित कचरा डेपो रद्द करण्याची घोषणा डिसेंबर २०२३ मध्ये विधिमंडळात झाली, ती रहिवाशांनी आवाज उठवल्यानंतर. संघटित नागरिकांना कौल मिळवता येतो, याचा पुरावा इतका जवळ आहे.

पक्षांच्या शिरकावाची भीती रास्त आहे. भिंतीच्या मालकाची संमती, नाव-चिन्ह-चेहऱ्यांना पूर्ण मनाई आणि मजकुरावर रहिवाशांची देखरेख, एवढी बंधने पाळली तर ती आवरता येते. मार्च २०२२ नंतर जवळपास चार वर्षे शहराचा कारभार लोकप्रतिनिधींविना प्रशासकाच्या हाती होता. त्या काळात प्रश्न विचारण्याची सवय सुटली असेल, तर ती पुन्हा लावून घ्यावी लागेल. निवडणूक पाच वर्षांतून एकदा येते, भिंत मात्र रोज समोर असते. तिच्यावर काय लिहायचे, हे आपणच ठरवायला हवे.