झूल विकायची नाही

श्रावण अर्धा सरला की आमच्या घरातली लोकरीची पिशवी माळ्यावरून खाली येते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, आणि नातवंडांच्या लाकडी नंदींना झुली हव्यात. जुन्या स्वेटरची उसवलेली लोकर, क्रोशाची सुई, कडेला टिकल्या, कोपऱ्यांना गोंडे. साखळी, त्यावर मुका खांब, मग खांब. हात घट्ट पडला तर झूल आखडते आणि वशिंडावर बसतच नाही. तिथं टाके वाढवावे लागतात. किती, ते नंदी समोर ठेवूनच ठरतं, कारण प्रत्येक सुताराचं वशिंड निराळं.

"एवढी मेहनत कायले करता काकू? नागपूरले रेडीमेड भेटते," असं म्हणणाऱ्यांचा मला राग येत नाही. त्यांना लोकरीत रस नाही, एवढंच. खरी पंचाईत कौतुक करणाऱ्यांची. झूल उलटीपालटी करून बघतात आणि लगेच विचारतात, "मग ऑर्डर कावून नाही घेत?" चांगलं जमतंय म्हणजे ते विकलंच पाहिजे, हे कोणी ठरवलं?

हातकामाला हिशेब जोडायची सवय आमच्या वर्धा जिल्ह्याला जुनी आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. मुलांनी एखाद्या हस्तोद्योगातून शिकावं आणि त्यातूनच शिक्षकाचा पगार निघावा, असं गांधीजींचं म्हणणं. पुढे झाकीर हुसेन समितीनं त्याचा आराखडा केला. यात मुलं राबवली जातील, अशी शंका तेव्हाही काहींनी घेतली होती. पुढच्याच वर्षी वर्ध्यात मगन संग्रहालय उघडलं, ग्रामोद्योगांसाठी. गरीब देशात टकळीवरचं सूत मोजलं गेलं, ते बरोबरच होतं. आजही जिचं घर शिलाई मशीनवर चालतं, तिला पुरेपूर भाव मिळाला पाहिजे. तिच्याशी घासाघीस करणाऱ्यांची मला चीड येते. पण मला पेन्शन आहे. माझी झूल बाजारात गेली की मी एका तासाला किती पडतात ते बघणार, सोपा नमुना धरणार, आणि नातवाला हवी असलेली जांभळ्या कडेची, मधूनच पोपटी झालेली झूल पहिली रद्द होणार. तसली घेणार कोण?

आता आमच्या जिल्ह्यातल्या सिंदीचाच तान्हा पोळा घ्या. दूरदूरचे लोक बघायला येतात. मोठाले नंदी निघतात, देखावे असतात, रस्त्यात पाय ठेवायला जागा नसते. या नंदीचा उपयोग काय? तो नांगर ओढत नाही, गाडीला जुंपला जात नाही. पोरं त्याला चाकांवर ओढत घरोघर नेतात आणि बोजारा मागतात. खाऊपुरते पैसे जमले की खूश. तरीही त्याच्या शिंगांना बेगड लावताना बापमाणसं जेवण विसरतात. एरवी घरात खिळा ठोकायला सांगितला तर उद्यावर ढकलणारी हीच माणसं! या खटाटोपाचा नफा कोणी विचारत नाही. बाईनं लोकर हातात घेतली की मात्र विचारतात.

मी क्रोशा शिकले रेल्वेत. नोकरीसाठी नागपूरला अप-डाऊन होतं. बायकांच्या डब्यात कोणी भाजी निवडायची, कोणी रुमाल विणायची. बुटीबोरीला चढणारी एक बाई माझा घट्ट टाका बघून नुसतं "हूं" करायची आणि सुई हातातून काढून घ्यायची. गाडी मध्येच थांबवून ठेवली की डबाभर चिडचिड व्हायची, पण जिची ओळ अर्धी असायची ती गप्प. आता त्याच डब्यात माना मोबाईलमध्ये असतात. मोबाईलला मी नावं ठेवत नाही. नवे नमुने मीही त्यावरच बघते. फक्त बघताना दहा नमुने आवडतात, आणि हातात सुई घेतल्यावर त्यातला एखादाच जमतो. मजा त्या एकाची आहे.

तेव्हा शाळांना एक सांगणं. कार्यानुभवाच्या तासाला वेडीवाकडी झूल करू द्या, आणि तिला गुण देऊ नका. प्रदर्शन, प्रमाणपत्र, पाहुणे काही नको. ज्यांना घरी शिकायचं असेल त्यांनी दुपारी चारनंतर माझ्या ओट्यावर यावं. येताना उरलीसुरली लोकर आणा. हिरवी माझ्याकडे ढीगभर आहे, लाल कमी पडते.