प्रतिस्पर्ध्यांची जोडी

एका म्यानांत दोन तलवारी राहत नाहींत, असें आपले वाडवडील सांगत आले. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत दर चार वर्षांनीं या म्हणीची परीक्षा होत असते. एकाच पक्षाचे अनेक इच्छुक प्रथम प्राथमिक निवडणुकांत परस्परांशीं झुंजतात. त्यांतून एक जण अध्यक्षपदाचा उमेदवार ठरतो. आणि मग त्यास आपला जोडीदार, म्हणजे उपाध्यक्षपदाचा उमेदवार, निवडावयाचा असतो. काल ज्यानें आपले दोष चव्हाट्यावर मांडले त्यासच आज शेजारीं बसवावें काय, हा प्रश्न त्या वेळीं उभा राहतो. वरवर पाहतां हें परक्या देशाचें राजकारण. पण चार भाऊ जेथें एका छपराखालीं नांदतात त्या घरांतील वाचकांस हा प्रश्न सर्वस्वीं अपरिचित वाटूं नये.

त्या देशाच्या घटनाकारांनीं प्रारंभीं ही जोडी कायद्यानेंच लावून दिली होती. प्रत्येक निर्वाचकानें दोन मतें द्यावयाचीं; पहिला येईल तो अध्यक्ष, त्याच्या खालोखाल येईल तो उपाध्यक्ष. १७९६ सालीं जॉन अॅडम्स यांस ७१ व थॉमस जेफर्सन यांस ६८ मतें पडलीं, आणि परस्परविरोधी मतांचे हे दोन पुरुष चार वर्षें राज्याच्या शिरोभागीं बसले. सहकार्य मात्र घडलें नाहीं. १८०० सालीं तर एकाच पक्षाचे जेफर्सन व अॅरन बर यांस प्रत्येकीं ७३ मतें पडून निर्णय प्रतिनिधिगृहाकडे गेला, व तो ३६ व्या मतदानांत लागला. अखेर १८०४ सालीं बारावी दुरुस्ती होऊन दोन्ही पदांसाठीं स्वतंत्र मत देण्याची पद्धति सुरू झाली. तात्पर्य, कायद्यानें बांधलेली जोडी टिकत नाहीं. ती आपखुषीनें जुळावी लागते.

अशा जुळलेल्या जोडीचें ठळक उदाहरण १९६० सालचें. लिंडन जॉन्सन प्राथमिक निवडणुकांच्या आखाड्यांत उतरले नव्हते; परंतु लॉस एंजेलिस येथील पक्षाच्या अधिवेशनांत जॉन केनेडी यांचे प्रमुख प्रतिस्पर्धी तेच होते. तेथें केनेडींस ८०६ व जॉन्सन यांस ४०९ मतें मिळालीं. केनेडी उत्तरेकडील मॅसॅच्युसेट्सचे, तरुण, कॅथॉलिक. जॉन्सन दक्षिणेकडील टेक्ससचे, सिनेटांतील मुरब्बी पुढारी. एकाची उणीव दुसऱ्यानें भरून काढावी, असा हा अंधपंगुन्याय होता. केनेडींचे बंधु रॉबर्ट यांस ही निवड मुळींच रुचली नव्हती. तरी ती झाली, आणि टेक्ससचीं २४ निर्वाचक मतें केनेडींच्या पदरांत पडलीं. पण तिचा खरा अर्थ जगास कळला तो २२ नोव्हेंबर १९६३ रोजीं. केनेडींची हत्या झाली आणि त्याच दिवशीं जॉन्सन अध्यक्ष झाले. जोडीदार निवडणाऱ्यानें आपला वारसही नेमलेला असतो, हें त्या दिवशीं सिद्ध झालें.

१९८० सालीं जॉर्ज बुश यांनीं रोनाल्ड रेगन यांच्या योजनेस जादूटोण्याचें अर्थशास्त्र म्हणून हिणविलें होतें. डेट्रॉइटच्या अधिवेशनांत रेगन यांनीं प्रथम माजी अध्यक्ष फोर्ड यांच्याशीं बोलणें लाविलें. तें फिसकटल्यावर बुश यांस पाचारण झालें. ज्या योजनेस नांवें ठेविलीं तिचाच पुरस्कार मग त्यांस करावा लागला. आठ वर्षें ते उपाध्यक्ष राहिले आणि १९८९ सालीं स्वतः अध्यक्ष झाले.

२००८ सालचा प्रकार निराळा. बराक ओबामा व हिलरी क्लिंटन यांचा सामना जून महिन्यापर्यंत चालला. क्लिंटनबाईंस सुमारें १ कोटि ८० लक्ष मतें पडलीं होतीं, आणि दोघांनीं एकत्र यावें असें पुष्कळांस वाटत होतें. ओबामांनीं मात्र जो बायडेन यांस निवडिलें. तेही त्याच शर्यतींत होते, पण आयोवांतील पहिल्याच मतदानानंतर बाहेर पडले होते. क्लिंटनबाईंस २००९ सालीं परराष्ट्रमंत्रिपद मिळालें. पुढें २०२० सालीं बायडेन यांनीं कमला हॅरिस यांस जोडीस घेतलें. शाळांतील वर्णभेद मोडण्यासाठीं मुलांस बसगाड्यांनीं दूरच्या शाळांत नेण्याचा जो जुना वाद होता, त्यावरून याच बाईंनीं २०१९ च्या जूनमधील वादसभेंत त्यांस सर्वांदेखत धारेवर धरिलें होतें. आणि डिसेंबरांत, एकही मत पडण्यापूर्वीं, शर्यत सोडिली होती.

या उदाहरणांवरून आम्हांस असें दिसतें कीं, जेथें जयापजय निर्विवाद असतो तेथें प्रतिस्पर्धी सहकारी होऊं शकतो. जेथें दोघे जवळजवळ तुल्यबल, तेथें हें दुर्घट होतें. तुल्यबलाचा परिवार निराळा, अनुयायी निराळे. दुय्यम आसनावर त्याचें मन रमत नाहीं, आणि मुख्यासही त्याच्याकडे पाठ करून निश्चिंत बसतां येत नाहीं. एकाच वस्तूच्या अभिलाषानें सुंद आणि उपसुंद या सख्ख्या भावांचा काय शेवट झाला, तें वाचकांस ठाऊकच आहे. शिवाय जोडी जुळली म्हणजे जय ठेवलेलाच, असेंही नाहीं. २००४ सालीं जॉन केरी यांनीं आपले प्रतिस्पर्धी जॉन एडवर्ड्स यांस बरोबर घेतलें, तरी पराभव टळला नाहीं.

कोणी विचारतील, कालचें बोलणें खरें होतें तर आज मांडीला मांडी लावून कसे बसतां, आणि खोटें होतें तर बोललांच कां? आक्षेप रास्त आहे. आमच्या मतें येथें धोरणावरील टीका आणि मनुष्यावरील टीका असा भेद केला पाहिजे. धोरणाविषयींचें मत बहुमतापुढें बाजूस ठेवितां येतें. त्यांत कमीपणा नाहीं. परंतु 'हा मनुष्य या पदास अपात्र आहे' असें जो एकदां म्हणाला, त्यानें त्याच मनुष्यासाठीं मतें मागितलीं तर लोकांनीं त्याच्या कोणत्या शब्दावर विश्वास ठेवावा? आणि निवडणारानेंही मतांची बेरीज करण्यापूर्वीं एक प्रश्न स्वतःस विचारावा: उद्यां आपण नसलों, तर हा राज्य सांभाळील काय? या दोन कसोट्यांस जो उतरेल त्यास कालचा प्रतिस्पर्धी म्हणून दूर लोटणें शहाणपणाचें नाहीं.

भांडण राज्याचें असो वा घराचें, तें करतांना जिभेस एवढा आवर असावा कीं, दुसऱ्या दिवशीं त्याच पंगतीस शेजारच्या पाटावर बसतां यावें.